आधी कोरस, मग नट: ‘अँटिगनी’ बसवणाऱ्यांसाठी ग्रीक रंगभूमीच्या संकेतांविषयी

एका हौशी नाट्यसंस्थेच्या तरुण दिग्दर्शकांनी सोफोक्लिस या प्राचीन अथेन्सच्या नाटककाराचे ‘अँटिगनी’, म्हणजे थीब्जचा राजा क्रेऑन याची बंदी मोडून भावाच्या प्रेताचे दफन करणाऱ्या मुलीची गोष्ट, बसवायला घेतले आहे आणि त्यांनी चार गोष्टी विचारल्या आहेत. कोरसची, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाची, गाणी कथानक अडवून धरतात असे वाटते, ती काढली तर चालेल का? मुखवटे घालणे आवश्यक आहे का? हत्या आणि आत्महत्या प्रेक्षकांच्या नजरेआडच का घडतात? आणि हे सगळे संकेत मुळात एखाद्या धर्मविधीतून आले आहेत का? मी बरीच वर्षे ग्रीक नाटके शिकवत आलो आहे आणि अधूनमधून ती रंगमंचावर आणण्याचे धाडसही केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की हे चारही प्रश्न एकाच गाठीचे धागे आहेत आणि ती गाठ कोरसपाशी सुटते. आपण नट आणि संवाद यांना नाटकाचा गाभा समजतो आणि गाण्यांना मधली भर. अथेन्सच्या माणसाने हेच वाक्य नेमके उलटे म्हटले असते.

त्याची भाषाच याची साक्ष देते. नाटक सादर करू इच्छिणारा कवी शहराच्या प्रमुख अधिकाऱ्याकडे, म्हणजे आर्कोनकडे, ‘कोरस मागायला’ जात असे आणि निवड झाली की आर्कोन त्याला ‘कोरस देत’ असे. त्या कोरसच्या खर्चाचा भार एका श्रीमंत नागरिकावर टाकला जाई. त्याला कोरेगोस म्हणत. गायक-नर्तकांची तालीम, त्यांचे जेवणखाण, वेशभूषा, तालीममास्तर, ऑलोस हे जोडनळीचे सुषिर वाद्य वाजवणारा वादक, हे सगळे त्याच्याकडे असे. कवी आणि नट यांचे मानधन मात्र राज्य देत असे. लिसियस या वक्त्याने लिहून दिलेल्या एका न्यायालयीन भाषणात आरोपी आपली देशसेवा मोजून दाखवताना सांगतो, की शोकांतिकेच्या कोरसवर त्याने ३,००० ड्रॅक्मा खर्च केले. हा इ.स.पू. ५व्या शतकाच्या अखेरचा आकडा आहे आणि त्या काळी कुशल कारागिराला दिवसाला साधारण १ ड्रॅक्मा मिळत असे. म्हणजे एका कोरसवर एका कारागिराची आठ-नऊ वर्षांची कमाई खर्ची पडली. हे ओझे असले तरी मानाचे ओझे होते. इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलस या नाटककाराच्या ‘पर्शियन्स’चा कोरेगोस होता पेरिक्लिस, तेव्हा जेमतेम विशीतला, अथेन्सच्या राजकारणात त्याचे नाव पुढे येण्याआधी ते रंगभूमीच्या नोंदीत आले.

कोरसमध्ये नाचणारे लोकही व्यावसायिक नव्हते. डायोनिसस देवाच्या, शहरात भरणाऱ्या मोठ्या डायोनिसिया उत्सवात फक्त अथेन्सच्या नागरिकांनाच कोरसमध्ये उभे राहता येई आणि त्या काळात त्यांना लष्करी सेवेतून सूट मिळे. याच उत्सवात शोकांतिकांखेरीज डिथिरॅम्ब या समूहगायनाची स्पर्धा होत असे. त्यासाठी शहराच्या १० गणांपैकी प्रत्येक गण ५० पुरुषांचा आणि ५० मुलांचा असे दोन संघ उतरवी. म्हणजे दरवर्षी १,००० गायक केवळ या एका प्रकारात उभे राहत. प्रेक्षकांत बसलेल्या कितीतरी जणांनी कधी ना कधी त्याच जागेत पावले टाकलेली असत, त्यामुळे कोरसकडे ते जाणत्या नजरेने बघत.

आता उगमाकडे येतो. सर्वांत जुना सैद्धांतिक आधार म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘पोएटिक्स’चा चौथा अध्याय. तिथे तो म्हणतो, की शोकांतिका डिथिरॅम्बचे म्होरके असत त्यांच्यापासून निघाली आणि सुखात्मिका लिंगपूजेच्या गाण्यांच्या म्होरक्यांपासून. एस्किलसने नटांची संख्या एकावरून दोनवर नेली, कोरसचा वाटा कमी केला आणि संवादाला पुढे आणले. सोफोक्लिसने तिसरा नट आणि रंगवलेले नेपथ्य आणले. म्होरका एक ओळ फेकतो आणि समूह तिला उत्तर देतो, ही रचना मराठी वाचकाला समजावून सांगावी लागू नये, कारण पोवाड्यात शाहीर आणि झीलकरी हेच करतात. ऐतिहासिक नाते यात काहीही नाही. पण एखादा म्होरका समूहापासून एक पाऊल पुढे येऊन ‘त्याने असे केले’ऐवजी ‘मी असे करतो’ म्हणू लागला, तर काय घडेल, याची कल्पना करायला हे उदाहरण उपयोगी पडते.

परंपरा या पावलाचे श्रेय इकारिया गावच्या थेस्पिसला देते आणि त्याचा काळ इ.स.पू. ५३४च्या आसपास धरते. अ‍ॅरिस्टॉटल त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहीत होता, हे मात्र विसरू नये. नटासाठी ग्रीक शब्द आहे ‘हुपोक्रितेस’. त्याचा अर्थ ‘उत्तर देणारा’ किंवा ‘उकल करून सांगणारा’ असा होतो. यातला कुठलाही अर्थ घेतला तरी एक गोष्ट उरते: उत्तर द्यायला आधी कोणीतरी विचारणारे असावे लागते, आणि ते विचारणारे म्हणजे कोरस.

याहून ठोस पुरावा नाटकांच्या भाषेतच दडलेला आहे आणि मला तो फार मोलाचा वाटतो. अथेन्सच्या शोकांतिकेत नट बोलतात ती भाषा अथेन्सची, म्हणजे अ‍ॅटिक. पण कोरस गाऊ लागला की उच्चारांना डोरिक वळण येते, म्हणजे दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनिससकडच्या बोलीचे. समूहगीताची परंपरा तिकडे जुनी होती. इतिहासकार हेरोडोटस सांगतो, की कोरिंथमध्ये अरियन या गायकाने डिथिरॅम्बला नाव आणि रूप दिले. सिकियोन या शहराबद्दलही त्यानेच नोंदवले आहे, की तिथले लोक अड्रास्टस या वीराची दुःखे ‘शोकांतिकी कोरस’नी गात असत आणि क्लाइस्थेनिस नावाच्या हुकूमशहाने राजकीय वैरापोटी ते कोरस अड्रास्टसकडून काढून डायोनिससला दिले. दुसऱ्या बाजूला नटांच्या संवादाचे वृत्त, आयँबिक, हे अथेन्सच्या सोलोनने नागरिकांना उद्देशून केलेल्या राजकीय कवितेत वापरलेले वृत्त होते. तेव्हा दक्षिणेकडून आलेले गाणे आणि अथेन्सच्या चौकातले भाषण यांचा सांधा जुळला आणि त्यातून हा प्रकार उभा राहिला, असे मी मानतो. हा सांधा नाटकभर दिसत राहतो: प्रवेश बोलला जातो, त्यानंतर गाणे नाचले जाते, पुन्हा प्रवेश.

‘ट्रॅगोडिया’ या शब्दात ‘ट्रॅगोस’ म्हणजे बोकड आहे आणि ‘ओडे’ म्हणजे गाणे. बोकड बक्षीस होता, की बळी, की गायकांच्या वेशाचा भाग, यावर प्राचीन काळापासून वाद आहे आणि दिग्दर्शकाचे त्यात काही अडत नाही. धर्मविधीचा सिद्धांत मात्र थोडा बारकाईने पाहायला हवा, कारण आपल्याकडच्या कार्यशाळांतून तो अजूनही ठामपणे सांगितला जातो. दरवर्षी मरून पुन्हा जन्मणाऱ्या देवाचा विधी हाच शोकांतिकेचा सांगाडा आहे, ही मांडणी गिल्बर्ट मरे यांनी १९१२ मध्ये, जेन हॅरिसन यांच्या ग्रंथाला जोडलेल्या टिपणात केली. आर्थर पिकार्ड-केंब्रिज यांनी १९२७ मध्ये पुरावे तपासून तिचा पाया ढिला केला. उत्सव डायोनिससचा होता, रंगस्थळ त्याच्या मंदिराला लागून होते, त्याची मूर्ती मिरवत आणली जाई, हे सगळे खरे. पण उपलब्ध शोकांतिकांपैकी डायोनिसस स्वतः मध्यवर्ती पात्र आहे अशी एकच, युरिपिडीस या नाटककाराची ‘बॅकी’. ‘याचा डायोनिससशी काय संबंध?’ ही अथेन्सची म्हणच होती. माझ्या मते नाटक विधीच्या प्रसंगी होत असे, नाटक म्हणजे विधी नव्हे. स्पर्धा, परीक्षक, खर्चाचा हिशेब, प्रेक्षकांची हुल्लड असलेल्या या प्रसंगाला गूढ वलय देऊन तालमीत उदबत्त्या लावू लागलात, तर संहिता हातातून निसटेल.

प्रसंग किती ऐहिक होता, याची एक कथा हेरोडोटसने दिली आहे. इ.स.पू. ४९४ मध्ये पर्शियनांनी मिलेटस हे ग्रीक शहर उद्ध्वस्त केले. फ्रिनिकसने त्यावर नाटक केले, सगळे प्रेक्षागृह रडले आणि ‘आमचीच दुःखे आम्हाला आठवून दिली’ म्हणून शहराने त्याला १,००० ड्रॅक्मा दंड ठोठावून ते नाटक पुन्हा करण्यास बंदी घातली. नंतरचे कवी बहुतेक पुराणकथांकडे वळले त्याचे हेच कारण असे कोणी सांगितले तर मी मान्य करणार नाही. पण थीब्ज किंवा आर्गोस यांसारख्या परक्या शहरातली जुनी गोष्ट सांगितली, की अथेन्सच्या प्रेक्षकाला स्वतःकडे जरा अंतरावरून बघता येते, हे खरे. ‘अँटिगनी’तला क्रेऑन थीब्जचा आहे.

जागेविषयी थोडक्यात. अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर लाकडी बाके, खाली सपाट केलेली नृत्यभूमी म्हणजे ऑर्केस्ट्रा, आणि दोन्ही बाजूंनी तिच्यात येणाऱ्या लांब वाटा. सोफोक्लिसच्या काळी तिथे ५,००० ते ७,००० प्रेक्षक मावत असावेत असे अलीकडचे अंदाज आहेत. दगडी प्रेक्षागृह इ.स.पू. ४थ्या शतकाच्या उत्तरार्धात लायकर्गसच्या कारभारात पूर्ण झाले. आपण पुस्तकांत बघतो ते एपिडॉरसचे देखणे, अचूक वर्तुळाचे रंगस्थळ सोफोक्लिसच्या मृत्यूनंतरचे, म्हणजे इ.स.पू. ४०६ नंतर बऱ्याच काळाने बांधलेले आहे. अ‍ॅटिकातल्या थोरिकोस गावच्या जुन्या रंगस्थळाची नृत्यभूमी तर वर्तुळ सोडाच, लांबट आणि चौकोनाकडे झुकणारी आहे. तेव्हा जमिनीवर खडूने वर्तुळ आखले म्हणजे प्रयोग ‘ग्रीक’ झाला, असे समजू नका.

मागच्या बाजूला ‘स्कीनी’ नावाची लाकडी इमारत असे. शब्दाचा मूळ अर्थ तंबू किंवा झोपडी. ‘पर्शियन्स’सारख्या सुरुवातीच्या नाटकांना तिची गरजच पडत नाही; इ.स.पू. ४५८ च्या ‘ओरेस्टिया’ या एस्किलसच्या नाटकत्रयीत मात्र पहिल्याच ओळीला पहारेकरी छपरावर आडवा पडलेला आहे आणि सगळे नाटक एका दाराभोवती फिरते. हे दार म्हणजे ग्रीक रंगभूमीचा सर्वांत मोठा शोध, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. कारण दार आले की ‘आत’ आले, आणि आत काय चालले आहे हे बाहेर उभ्या असलेल्या लोकांना कळत नाही, ही नाट्यमय स्थिती आली. ते बाहेर उभे असलेले लोक कोण? पुन्हा कोरस.

इथे तुमच्या हत्येच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मृत्यू दाखवायचा नाही असा ग्रीकांचा नियम नव्हता. युरिपिडीसची अल्सेस्टिस प्रेक्षकांसमोर प्राण सोडते, हिपॉलिटसही समोरच मरतो, आणि सोफोक्लिसच्या ‘एजॅक्स’मध्ये नायक तलवारीवर पडतो तो समोर की किंचित आडोशाला, यावर अभ्यासक अजून भांडतात. युरिपिडीसच्या नाटकातल्या मीडिया या आईने आपल्या मुलांना लोकांसमोर मारू नये, असा उपदेश पुढे रोमन कवी होरेसने केला आणि युरोपने तो ग्रीकांचा कायदा म्हणून वाचला. आपल्या नाट्यशास्त्रातही अंकात वध दाखवण्याला मनाई आहे, त्यामुळे दोन्हींची मुळे एकच असावीत असे विद्यार्थ्यांना वाटते. पण नाट्यशास्त्रात लिहिलेला निषेध आहे आणि अथेन्समध्ये कारागिरीची निवड. पंधरा माणसे समोर उभी असताना खून झाला, तर त्यांनी तो थांबवायला हवा. दाराआड झाला, तर त्यांची असहायता हाच प्रवेश होतो. ‘ओरेस्टिया’च्या पहिल्या नाटकात, ‘अ‍ॅगमेम्नॉन’मध्ये, आतून राजाची किंकाळी येते आणि तोवर एकसुराने गाणारा वृद्धांचा कोरस फुटतो: ‘मदतीला बोलवा’, ‘आत घुसू या’, ‘आधी खात्री करू या’, असे एकेक जण दोन-दोन ओळी बोलू लागतो. अशी १२ उत्तरे आहेत आणि त्यावरूनच एस्किलसच्या कोरसमध्ये १२ जण असावेत असा तर्क केला जातो. सोफोक्लिसने ती संख्या १५ केली अशी परंपरा आहे. हा तुकडा वाचून दाखवला, की निर्णय न घेऊ शकणारी सभा म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या कुठल्याही धड्यापेक्षा चांगले कळते. त्यानंतर दार उघडते आणि प्रेते बाहेर दिसतात. त्यासाठी ‘एक्किक्लेमा’ हा चाकांचा फळा होता. आतले दृश्य त्यावर मांडून तो पुढे ढकलत. पात्राला हवेत उचलणारी ‘मेखाने’ ही यारी दुसरी युक्ती. देव तिच्यातून उतरून गुंता सोडवत आणि अ‍ॅरिस्टॉटलला ते रुचत नसे. तुमच्या नाटकात तिचे काम नाही.

नटांविषयी. तीनच बोलणारे नट, सगळे पुरुष, आणि बाकी हवी तेवढी मूक पात्रे, हा संकेत स्पर्धेतून आला: नट राज्य देणार, तेव्हा प्रत्येक कवीला सारखेच मिळणार. इ.स.पू. ४४९ पासून मोठ्या डायोनिसियात प्रमुख नटासाठी वेगळे बक्षीसही सुरू झाले. मर्यादेतून कवींनी काय काढले, याचे माझे आवडते उदाहरण ‘ओरेस्टिया’च्या दुसऱ्या नाटकात आहे. ओरेस्टिसबरोबर त्याचा मित्र पायलाडिस नाटकभर मुकाट फिरतो आणि प्रेक्षक त्याला मूक पात्रच समजून बसतो. आईवर तलवार उगारलेला ओरेस्टिस डगमगतो आणि विचारतो, ‘पायलाडिस, काय करू?’ आणि पायलाडिस बोलतो. फक्त तीन ओळी, देवाच्या आज्ञेची आठवण करून देणाऱ्या. पुन्हा तो अखेरपर्यंत गप्प. तीन नटांचा हिशेब प्रेक्षकांच्या डोक्यात पक्का असल्याशिवाय हा धक्का बसत नाही.

‘अँटिगनी’ही तीन नटांत नीट बसते. अँटिगनीची बहीण इस्मेनी पहिल्या प्रवेशानंतर आत जाते आणि तोच नट पहारेकरी होऊन येऊ शकतो. पहारेकऱ्याला क्रेऑन घालवून देतो आणि थोड्या वेळाने इस्मेनी परत बाहेर आणली जाते. अँटिगनी करणाऱ्या नटाकडे हीमॉन, म्हणजे क्रेऑनचा मुलगा आणि अँटिगनीचा नियोजित वर, देता येतो, म्हणजे वधूसाठी रदबदली करणारा आवाज वधूचाच असतो. क्रेऑनचा नट मात्र क्रेऑनच राहतो. गंमत अशी, की हे मोठे काम पुढच्या शतकात तिसऱ्या दर्जाच्या नटाकडे जात असे: डेमॉस्थेनिसने आपला राजकीय शत्रू एस्किनिस याला भर न्यायालयात टोमणा मारला आहे, की थिओडोरस आणि अ‍ॅरिस्टोडेमस यांच्यासारखे मोठे नट अँटिगनी करीत आणि हा त्यांच्याबरोबर क्रेऑन करीत असे, कारण राजदंड घेऊन मिरवणे हा तिसऱ्या नटाचा खास हक्क. त्या काळचे प्रमुख नट कुठली भूमिका आपली मानत, हे यावरून कळते.

इथे माझी एक चूक कबूल करतो. पहिल्यांदा हे नाटक केले तेव्हा अँटिगनी आणि हीमॉन ही दोन्ही कामे मी एकाच नटीला दिली होती आणि ‘कथा पुढे सरकत नाही’ म्हणून त्यांच्या मधले इरॉसचे, म्हणजे प्रेमदेवतेचे गाणे कापले होते. पहिल्याच प्रयोगाला हीमॉन रागाने विंगेत गेला, क्रेऑन चार वाक्ये बोलला आणि अँटिगनीला शिपायांनी बाहेर आणायची वेळ झाली तेव्हा नटी विंगेत अर्ध्या वेशात मुखवट्याचे बंद शोधत होती. क्रेऑनने सुचेल ते बोलून वेळ मारून नेली. त्या रात्री मला कळले, की सोफोक्लिस त्या गाण्यात वेश बदलायला वेळ देतो, आणि तो देताना आपण कुठे चाललो आहोत हेही सांगतो: इरॉस न्यायी माणसाचेही मन वाकडे करतो असे कोरस गातो, आणि लगेच मरणाकडे निघालेली वधू समोर येते. कारागिरी आणि काव्य ही दोन कामे एकाच ठिकाणी उरकणे, हे या कवींचे अंगवळणी पडलेले कसब होते.

मुखवट्याबद्दल. एकही खरा मुखवटा उरलेला नाही, कारण ते कापडाला खळ देऊन केलेले असत. इ.स.पू. ४००च्या सुमाराचे, नेपल्सच्या संग्रहालयातले ‘प्रोनोमोस पात्र’ या नावाने ओळखले जाणारे भांडे हा आपला उत्तम आधार: त्यावर सॅटर-नाट्याचे, म्हणजे शोकांतिकांनंतर होणाऱ्या वात्रट नाटकाचे, नट आणि कोरस मुखवटे हातात धरून उभे आहेत. त्यावरून दिसते, की मुखवटा चेहऱ्यापुरता नसून केसांसकट सगळे डोके झाकणारा होता, आणि त्याचे तोंड भेसूर वासलेले नव्हते. कर्ण्यासारखी तोंडे, उंच टाचांचे बूट, हे सगळे नंतरच्या, मुख्यतः रोमन काळातले. सोफोक्लिसचे नट मऊ तळव्याचे बूट घालत. मुखवटा आवाज मोठा करतो ही समजूतही निराधार आहे. उलट डोके झाकल्यावर नटाला स्वतःचाच आवाज घुमून येतो आणि शब्द स्वच्छ ठेवायला दुप्पट मेहनत पडते.

उच्चाराला किती महत्त्व होते ते हेगेलोकसला विचारावे. इ.स.पू. ४०८ मध्ये युरिपिडीसच्या ‘ओरेस्टिस’मध्ये ‘लाटांनंतर मला पुन्हा शांत समुद्र दिसतो’ या अर्थाच्या ओळीत त्याचा स्वर एका अक्षरावर घसरला आणि ‘शांत समुद्रा’चे ‘वीझल’, म्हणजे मुंगसासारखे एक जनावर, झाले. तीन वर्षांनी सुखात्मिका लिहिणाऱ्या अ‍ॅरिस्टोफेनिसने ‘बेडूक’ या नाटकात त्याची टर उडवली, आणि आजही आपण त्याला त्या एका स्वरासाठीच ओळखतो.

तर मुखवटे घालावेत का? तुमच्याकडे तालमीला दोन महिने असतील तर जरूर घाला, नसतील तर नको. आम्ही मांजरपाट आणि खळ वापरून केले होते आणि पहिले तीन आठवडे सगळ्यांच्या मानाच अवघडल्या. मुखवट्यात डोळे हलवून भागत नाही. मान वळवावी लागते, आणि मान वळली की सगळे शरीर त्यात सामील होते. तोंड खाली केले की चेहरा दुःखी, थोडे वर केले की आशावादी, तिरका केला की संशयी दिसतो, हे तालमीत शोधावे लागते. शिवाय नट एकमेकांकडे बघून कुजबुजू शकत नाहीत. प्रेक्षकांकडे तोंड ठेवूनच सगळे बोलावे लागते, आणि मग ग्रीक संवाद इतके उघड, वादविवादासारखे का लिहिले आहेत, याचा उलगडा आपोआप होतो. मुखवटा न घालता हे नाटक करणार असाल, तरी चार तालमी मुखवट्यात घ्या.

एक-दोन गैरसमज जाता जाता. स्थळ, काळ, कृती यांची तीन ऐक्ये हा ग्रीक नियम नव्हे. अ‍ॅरिस्टॉटल कृतीच्या ऐक्यावर भर देतो, काळाबद्दल एक निरीक्षण करतो, आणि स्थळाची भर १६व्या शतकात इटलीच्या कास्टेलव्हेत्रोने घातली. ‘ओरेस्टिया’चे तिसरे नाटक ‘युमेनिडीज’ डेल्फीहून अथेन्सला सरळ उडी मारते. आणि आपला ‘शोकांतिका’ हा शब्द सुंदर असला तरी दिशाभूल करतो, कारण अनेक ‘ट्रॅगोडिया’ समेटाने किंवा सुटकेने संपतात. गंभीर विषयाचे, पुराणपात्रांचे, कोरससह सादर केलेले नाटक एवढाच तिचा अर्थ होता. त्या दिवशी कवीची तीन अशी नाटके झाली, की चौथे सॅटर-नाट्य येई, घोड्याच्या शेपट्या लावलेल्या वात्रट कोरसचे. संपूर्ण उरलेले तसे नाटक एकच, युरिपिडीसचे ‘सायक्लोप्स’.

आता मूळ प्रश्न. गाणी कापावीत का? काही ओळी कापायला हरकत नाही. पुराणातल्या नावांची रास आपल्या प्रेक्षकाला काही सांगत नाही, तिथे कात्री चालवा. पण गाणे उभेच काढू नका, आणि समूहपठणासारखे एका जागी उभे राहून म्हणूही नका. ही गाणी जोडीजोडीच्या कडव्यांत बांधलेली आहेत: पहिल्या कडव्याच्या वृत्ताची तंतोतंत आवृत्ती दुसऱ्यात येते, तेव्हा चालही तीच आणि बहुधा पदन्यासही तोच. याचा फायदा घ्या. ‘जगात विस्मयकारक गोष्टी पुष्कळ, पण माणसाएवढी कुठलीच नाही’ या प्रसिद्ध गाण्यातला ‘देइनोस’ हा शब्द अद्भुत आणि भयंकर असे दोन्ही अर्थ एकत्र बाळगतो. शेवटच्या जोडीच्या पहिल्या कडव्यात भाषा, विचार आणि रोगांवरचे उपाय यांवर जी हालचाल विजयाची वाटते, तीच दुसऱ्या कडव्यात, शहराबाहेर हाकलायच्या माणसाचे वर्णन येते तेव्हा, त्याच पावलांनी धमकीची वाटू लागेल. गाणे संपते तोच पहारेकरी अँटिगनीला पकडून आणतो. कोरस ज्याला हाकलून द्यावे असे म्हणत होता, तो अपराधी म्हणजे ही मुलगी? की तो क्रेऑन? तुमच्या कोरसला याचे उत्तर अजून माहीत नाही, आणि त्यांनी ते माहीत असल्यासारखे गाऊ नये.

सर्वांत जास्त कात्री चालते ती पाचव्या गाण्यावर. टायरेसियस या आंधळ्या द्रष्ट्याच्या भाकिताने हादरलेला क्रेऑन अँटिगनीला सोडवायला धावत निघाला आहे, प्रेक्षकांचा श्वास अडकला आहे, आणि कोरस डायोनिससचे स्तोत्र गाऊ लागतो. दिग्दर्शकाला वाटते, आत्ता कसले स्तोत्र? पण त्या चाळीसएक ओळींच्या आत नाटकातले सगळे काही घडून जाते: प्रेताचे दफन, गुहेतला गळफास, हीमॉनची तलवार. कोरसला त्यातले काहीच माहीत नाही. त्यांना वाटते, राजा वळला, आता सगळे नीट होईल, आणि म्हणून ते थीब्जच्या देवाला, ‘अग्नी उच्छ्वासणाऱ्या ताऱ्यांच्या कोरसच्या नायका’ अशी हाक मारतात. ज्या देवाच्या उत्सवात ते प्रत्यक्ष नाचत आहेत, ज्याचे मंदिर त्यांच्यापासून काही पावलांवर आहे, त्याला ते आजारी शहर शुद्ध करायला ये म्हणतात. नृत्य सगळ्यांत वेगवान इथे करा, प्रकाश सगळ्यांत भरपूर इथे द्या, आणि शेवटच्या ओळीला सगळ्यांना एकाच वाटेकडे तोंड करून उभे करा. त्या वाटेने देव येत नाही, निरोप्या येतो.